एका भिंतीची गोष्ट

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात भांडणे झाली ती पाणी, पार्किंग आणि तोडफोडीवरून. त्यातले एक माझेच. 2016 साली स्वयंपाकघर मोठे करायला मी ओळखीचा मुकादम बोलावला. ना इंजिनिअर, ना नकाशा, ना कमिटीची लेखी परवानगी. "साहेब, टेन्शन घेऊ नका," एवढीच त्याची हमी! सेक्रेटरींनी काम थांबवले. बँकेत कागद पाहिल्याशिवाय कधी सही न करणारा मी, त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची 'साई दर्शन' इमारत कोसळली. 17 माणसे गेली. तळमजल्यावर दुरुस्ती चालू होती. खांबांना हात लावल्याचा रहिवाशांचा आरोप होता. त्या संध्याकाळी मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी चहा दिला, विषय काढला नाही.

रंगरंगोटीची गोष्ट वेगळी. पण खांब, तुळई, स्लॅब सगळ्यांचे असतात. तिथे महापालिकेची परवानगी लागतेच. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, पुढे दर तीन वर्षांनी करायचे असते. नव्या सभासदांनी काम काढण्यापूर्वी अर्ज जरूर द्यावा. सेक्रेटरींनी नाही म्हटले, तर माझ्यासारखे वर्ष वाया घालवू नये.