यादी उरली म्हणून...

ग्रंथालय म्हटलं की डोळ्यांपुढं इमारत येते, कपाटं येतात, कपाटांची कुलपं येतात. आज ज्या ग्रंथालयाविषयी बोलणार आहे, त्याला ना भिंत होती ना दार.

२००८ च्या मंदीत अमेरिकी सरकारनं बड्या बँकांना सावरलं. सामान्यांची घरं मात्र जप्त झाली. त्या संतापातून १७ सप्टेंबर २०११ रोजी न्यू यॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ, झुकोटी पार्कमध्ये आंदोलकांनी मुक्काम ठोकला. तिथंच पुस्तकं जमू लागली. ना वर्गणी, ना डिपॉझिट. न्यावं, वाचावं, जमलं तर परत आणावं. गायिका-कवयित्री पॅटी स्मिथ यांनी पुस्तकांसाठी तंबू दिला. तिथं कविवाचनं होत, कवितांचा संग्रहही तयार होत होता. मी कवी माणूस, मला याचं अप्रूप वाटणारच. पण तिथल्या ग्रंथपालांनी आणखी एक काम केलं, दिसायला अगदी रूक्ष. आलेल्या पुस्तकांची त्यांनी इंटरनेटवर नोंद ठेवली. नोंदी पाच हजारांवर गेल्या.

१५ नोव्हेंबरला मध्यरात्र उलटल्यावर पोलीस आले. आरोग्य आणि सुरक्षिततेचं कारण देऊन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनानं मैदान रिकामं केलं. तंबू, सामान, पुस्तकं, सारं सफाई खात्याच्या गाड्यांत गेलं. ओरड झाली, तेव्हा महापौर कार्यालयानं टेबलावर रचलेल्या पुस्तकांचं छायाचित्र प्रसिद्ध केलं आणि सांगितलं, ग्रंथालय सुखरूप आहे.

ग्रंथपाल पुस्तकं आणायला गेले आणि मोजायला बसले. त्यांच्या दाव्यानुसार त्या रात्री सुमारे ३,६०० पुस्तकं नेली होती. परत मिळाली हजारभर, त्यांतली दोनशे फाटून-भिजून निकामी. म्हणजे सुमारे २,८०० पुस्तकं गेली.

मे २०१२ मध्ये त्यांनी न्यायालयात दावा लावला. एप्रिल २०१३ मध्ये तडजोड झाली. पुस्तकांपोटी ४७,००० डॉलर देण्याचं ठरलं, त्यातला तिसरा हिस्सा मैदानाच्या मालक कंपनीचा. वकिलांच्या खर्चापोटी शहरानं आणखी १,८६,३५० डॉलर मोजले. पुस्तकं खराब झाली, काहींचा पत्ता नाही, हे दुर्दैवी आहे, असं शहरानं लेखी मान्य केलं. ‘सुखरूप’ पासून ‘दुर्दैवी’ पर्यंत यायला सतरा महिने लागले.

मला वाटतं, यादी नसती तर हे घडलं नसतं. ‘आमची पुस्तकं गेली’ या हळहळीला एका छायाचित्रानं उत्तर देता येतं. ‘ही नोंदलेली पुस्तकं कुठं आहेत?’ या प्रश्नाला तसं देता येत नाही.

आपल्या गावच्या वाचनालयातही कुणीतरी मान खाली घालून दाखल-नोंदवही भरत असतं. त्या कामाला आपण कारकुनी म्हणतो. पुस्तकं गेल्यावर ती होती, हे सांगणारी तेवढी एक वहीच उरते.