दोन तुर्भे आणि मधली खाडी

नवी मुंबईत एक तुर्भे आहे आणि खाडीपलीकडेही तुर्भेच. इंग्रजांनी त्याचे ट्रॉम्बे केले. घारापुरीच्या बोटीतून त्या काठावरचे अणुभट्ट्यांचे घुमट दिसतात. त्यांतला एक सायरसचा. अणुसाहित्याच्या व्यापारावर जगाने जे निर्बंध घातले, त्यांच्या मुळाशी ही भट्टी आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

एप्रिल १९५६मध्ये कॅनडाने ही ४० मेगावॉटची भट्टी देण्याचा करार केला. २१ टन जड पाणी अमेरिकेने दिले. जुलै १९६०मध्ये भट्टी चालू झाली. वापर शांततेसाठी व्हावा, एवढे वचन होते. बाहेरच्या तपासनिसांची सोय नव्हती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तेव्हा जन्मायची होती. १९५६च्या शरदात न्यूयॉर्कला तिच्या घटनेवर चर्चा झाली, तेव्हा कडक तपासणीला विरोध करणाऱ्यांत होमी भाभा आघाडीवर होते. मदत घेणाऱ्याच्या घरी तपासनीस आणि बॉम्बवाले मोकळे, हा त्यांचा आक्षेप. तो मला आजही बिनतोड वाटतो.

मग १८ मे १९७४चे पोखरण. प्लुटोनियम सायरसमधले होते. भारताने त्याला शांततामय स्फोट म्हटले. मराठी लेखनात पुढे ‘कॅनडाने पाठ फिरवली’ एवढेच येते. पण पंतप्रधान ट्रुडो यांनी १९७१मध्येच इंदिरा गांधींना पत्र लिहून कळवले होते की, असा स्फोट आम्ही कराराशी विसंगत मानू. अक्षरशः पाहता आपण करार मोडला नाही. मात्र समोरचा त्याचा अर्थ काय लावतो, हे दिल्लीला ठाऊक होते. कॅनडाची तक्रार अगदीच निराधार नव्हती.

१९७५मध्ये सात पुरवठादार देश लंडनमध्ये बसले. त्यांत अमेरिकेबरोबर सोव्हिएत रशियाही होता, शीतयुद्ध चालू असताना! या अणुपुरवठादार गटाचे नियम १९७८मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा कडक केला आणि आपल्या तारापूरच्या इंधनाचे वांधे झाले.

आता खाडीच्या अलीकडे येऊ. २३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा-शेवा बंदरात सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी चीनहून कराचीला निघालेल्या जहाजावरचा सुमारे २२ टन माल अडवला. त्यात संगणकचालित यंत्र होते. अशा यंत्रांवर वासेनार व्यवस्थेचे नियंत्रण असते आणि भारत २०१७पासून तिचा सदस्य आहे. ती यादी अणुगटाच्या यादीहून वेगळी. पण वस्तू साधी दिसली तरी ती कोणाच्या हाती पडणार ते पाहायचे, हे तत्त्व एकच. हे यंत्र क्षेपणास्त्र व अणुकार्यक्रमासाठी वापरले जाईल, असा आपला संशय. हे तर व्यापारी लेथ, असे पाकिस्तानचे उत्तर.

ते उत्तर वाचताना मला १९७४मधले आपले उत्तर आठवले. तुलना अनेकांना रुचणार नाही. सायरसमधला माल आपण तिसऱ्या कोणाला विकला नाही, हा फरक मोठा आहे. पण भट्टी काय, लेथ काय, यंत्र आपला हेतू सांगत नाही. तो कागदावर लिहावा लागतो, आणि कागदावर विश्वास ठेवायचा की नाही हे पुरवणारा ठरवतो.

सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वेळी तसे कबूल केले होते. त्याच कराराच्या ओघात २००८मध्ये पुरवठादार गटाने भारताला सवलत दिली. गटाच्या सदस्यत्वासाठी आपण मे २०१६मध्ये अर्ज केला. तो अजून मंजूर झालेला नाही.