उजव्या हाताला रत्नागिरी

इ.स. 916च्या सुमारास तुम्ही मलबारहून उत्तरेकडे निघालेल्या गलबतावर आहात. उजव्या हाताला समुद्रात घुसलेला एक डोंगर दिसतो. रत्नदुर्ग त्याच्यावर अजून उभा राहायचा आहे. डोंगर मागे पडतो आणि गलबत चौलला लागतं.

धक्क्यावर अरबी कानावर पडते, तिच्यातच इथली बोली मिसळलेली. बगदादचा प्रवासी अल-मसूदी याच काळात चौलला आला आहे. त्याच्या नोंदीनुसार इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. कुणी सिराफहून आलेत, कुणी ओमान, बसरा, बगदादहून. त्यांची मुलं मात्र इथेच जन्मली. राज्य शिलाहार झंझाचं. या लोकांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक माणूस नेमला आहे, त्याचा हुद्दा हुनरमान.

दहा वर्षं पुढे, शके 848. तुम्ही संजाणला पोहोचता. हा सगळा मुलूख राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब सांभाळतो. त्याचं नाव मोहम्मद; ताम्रपटात ते 'मधुमती' असं कोरलंय. त्याने दोन नद्यांवर फुकट होडीची सोय केली आहे, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं आहे, आणि आता सम्राट इंद्राच्या संमतीने तो देवीच्या मठाला जमीन देतो आहे. चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटामुळे हे आपल्याला कळलं. नाहीतर परक्या देशातून आलेल्याला इथे अधिकार मिळत होता, यावर आज किती जणांनी विश्वास ठेवला असता? अर्थात हा अधिकार राजाच्या मर्जीवर होता आणि राजाची नजर बंदराच्या जकातीवर होती, हेही विसरू नका.

डिसेंबर 1508मध्ये दाभोळला फार थांबू नका. मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला पोर्तुगीज अल्मेडा वाशिष्ठीच्या मुखाशी आला आहे. तो शहर जाळतो, आणि त्याची माणसं बायकापोरांनाही सोडत नाहीत.

आता 1920नंतरचं रत्नागिरी. 1909च्या सुधारणांपासून मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे झाले आहेत. राजिवड्याच्या खाडीवर जाळं विणत बसलेल्या दालदी (मुसलमान मच्छीमार) म्हाताऱ्याला तुम्ही विचारता, ‘चाचा, मत कुणाला देणार?’ तो मान वर करतो. ‘मला कुठलं मत? माझ्या नावावर जमीन आहे काय?’ मत सारा आणि कर भरणाऱ्यांचं, म्हणजे बहुतेक खोत-जमीनदारांचं. शिवाय अरबी वंश सांगणारी जमाती मुसलमान घराणी दालद्यांशी सोयरीक करत नाहीत. अरबी रक्ताचा अभिमान इथे भेदाच्या कामी आला आहे. वेगळा मतदारसंघ मिळाला, पण या चाचांच्या हाती काहीच आलं नाही, आणि मला तो अन्याय सर्वांत जास्त सलतो.

1952मध्ये मात्र रांगेत तोच दालदी खोताच्या मागे उभा आहे. दोघांना एकेकच मत, आणि आता मतदारसंघही सगळ्यांचा एकच.

1980मध्ये सावित्रीकाठच्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होतात. 1984मध्ये रत्नागिरी मतदारसंघ हुसेन दलवाईंना लोकसभेत पाठवतो. ते फक्त मुसलमानांच्या मतांवर निवडून येणं शक्यच नव्हतं. कुणबी, भंडारी, मराठा, ब्राह्मण अशा सगळ्यांनी मिळून आपला खासदार निवडला.

7 मे 2024. तुम्ही राजिवड्याच्या मतदान केंद्रावर आहात. बोटाला शाई लावून बाहेर आलेली एक आजी नातवाला मस्कतला फोन लावते. यादीत त्याचं नाव आहे, पण मत द्यायचं तर स्वतः इथे हजर राहायला हवं, आणि तिकीट परवडत नाही. तिकडे अरबांच्या देशात तो वर्षानुवर्षं राबतो, पण तिथेही त्याला मत नाही. हजार वर्षांपूर्वी ओमानहून आलेल्यांना चौलमध्ये निदान हुनरमान तरी होता.

रांगेतला एक तरुण तुम्हाला सांगतो, की नोकरीच्या गावी खोली बघायला गेल्यावर आडनाव ऐकून ‘कोकणातले का?’ म्हणून हसत विचारतात, आणि पहिलं नाव कळलं की खोली आधीच गेलेली असते. पुढच्या महिन्यात निकाल लागतो. महाराष्ट्राच्या 48 जागांमधून एकही मुसलमान खासदार निवडून आलेला नाही.