परदेशी पदवी आणि आपला रोगी

गांवांत नवा डॉक्टर आला म्हणजे त्याच्या पाटीवरील अक्षरें प्रथम वाचलीं जातात, आणि त्यांत परदेशाचा उल्लेख दिसला कीं घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, ‘बाहेर शिकून आला आहे, हुशार असणार’. तरुण म्हणतात, ‘येथें प्रवेश मिळाला नसेल, म्हणून तिकडे गेला असेल.’ एकाच गोष्टीवरून दोन पिढ्यांनीं अगदीं उलट अनुमान काढावें, याचें कारण वैद्यकांत नसून इतिहासांत आहे, असें आम्हांस वाटतें.

मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें. १८५१ सालीं तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड होते. त्यांचें वैद्यकाचें शिक्षण मुंबईंतच झालें. तरी त्यांचा लौकिक मोठा होता, आणि महारोगावरील त्यांच्या उपचारांची चर्चा दूरवर झाली. म्हणजे रोग्यांनीं देशी पदवीस आरंभापासूनच नाकारलें नव्हतें. सरकारचें माप मात्र निराळें होतें. वैद्यकीय खात्याच्या वरिष्ठ नोकरीसाठीं १८५५ पासून जी स्पर्धापरीक्षा सुरू झाली, ती लंडनला होत असे. प्रवासाचा खर्च व समुद्रगमनाचा सामाजिक दंड सोसूं शकेल त्यालाच ती शक्य. विलायती पदवीची प्रतिष्ठा येथून वाढली. ती प्रथम अधिकाराची खूण होती, रोग बरा करण्याच्या कौशल्याची नव्हे.

कांहीं जण परदेशीं गेले ते मात्र प्रतिष्ठेसाठीं नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या त्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावी या तळमळीनें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना १८८६ च्या मार्चमध्यें मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. पदवी हातीं होती, पण रोगी स्त्रियांना तिचा लाभ व्हावयाचा राहून गेला. डॉ. रखमाबाईंनीं लंडनला शिक्षण पुरें करून सुरत व राजकोट येथें कित्येक दशकें सेवा केली. पुरुष डॉक्टरासमोर येण्यास संकोचणाऱ्या बाळंतिणीला लंडनचें महत्त्व नव्हतें. आपलें दुखणें जिला मोकळेपणीं सांगतां येईल अशी जाणती बाई समोर आहे, एवढेंच तिला पुरे होतें.

१९३० सालीं मात्र प्रश्नाला निराळेंच वळण लागलें. लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनें हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. मुख्य आक्षेप प्रसूतिशास्त्राच्या अपुऱ्या शिक्षणाचा होता. येथें संताप उसळला, आणि १९३३ च्या कायद्यानें आपली स्वतंत्र मेडिकल कौन्सिल स्थापन करण्याची तरतूद झाली. आक्षेप घेणाऱ्यांचा अधिकारगर्व आम्ही विसरत नाहीं. तथापि विद्यार्थ्यानें स्वतः किती प्रसूती केल्या आहेत, हा मूळ प्रश्न रोग्याच्या हिताचाच होता. तो परक्यानें विचारला म्हणून खोटा ठरत नाहीं.

अभिमान व गुणग्राहकता यांची सांगड कशी घालावी, तें मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयानें दाखविलें. अध्यापक हिंदीच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. आणि त्याचे पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता हे लंडनला शिकून आलेले होते. याच महाविद्यालयाचे पदवीधर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ सालीं चीनला गेले व १९४२ सालीं तेथेंच निवर्तले. तेथील जखमी सैनिकांच्या दृष्टीनें कोटणीस हेच ‘परदेशीं शिकलेले डॉक्टर’ होते! चीनमध्यें आजही त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें, तें त्यांच्या सेवेमुळें; मुंबईच्या पदवीमुळें नव्हे.

आज प्रवाह उलटला आहे. येथील जागा थोड्या व खासगी महाविद्यालयांचें शुल्क भारी, म्हणून हजारों मुलें रशिया, चीन अशा देशांत शिकावयास जातात, आणि जुन्या आदराची जागा संशयानें घेतली आहे. या संशयावर उपाय म्हणून २००२ सालीं चाळणी परीक्षा सुरू झाली. अशा चाळणीचें मोल काय, तें अमेरिकेच्या अनुभवावरून दिसतें. तेथील वृद्ध रुग्णांविषयींचें एक मोठें संशोधन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. रुग्णालयांत दाखल झाल्यापासून तीस दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण परदेशीं शिकलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत ११.२ टक्के, तर अमेरिकेंत शिकलेल्यांच्या रुग्णांत ११.६ टक्के आढळलें. फरक लहान आहे. त्यावरून परदेशी शिक्षण श्रेष्ठ, असें आम्ही म्हणणार नाहीं. परदेशांतून आलेल्यांना तेथें परीक्षा द्याव्या लागतात व रुग्णालयांत उमेदवारी करावी लागते. ही चाळणी कसून लावली म्हणजे पदवी कोणत्या देशाची याचें महत्त्व उरत नाहीं, इतकेंच त्यावरून म्हणतां येतें.

तेव्हां रोग्यानें शिक्षणाची चौकशी करूं नये काय? अवश्य करावी, जीव त्याचा आहे. परंतु ती देशाच्या नांवापाशीं थांबूं नये. डॉक्टराची नोंदणी झाली आहे काय, प्रत्यक्ष रुग्णसेवेचे धडे त्यानें कोठें घेतले, आपल्यासारखे रोगी त्यानें किती हाताळले, आणि विचारलेल्या प्रश्नाचें तो सरळ उत्तर देतो कीं नाहीं, हें पाहावें. पाटीवरील देशाला भुलणें किंवा बिचकणें, या दोहोंतही रोगाचा विचार बाजूला राहतो आणि त्याची किंमत अखेर रोग्यालाच द्यावी लागते.