महिषमर्दिनी आणि तिचा महिष

नोकरीनिमित्त आम्ही कलकत्त्यास असू वा म्हैसुरास, आश्विन उजाडला की महिषमर्दिनीचे दर्शन घडतेच. सुष्टांचा दुष्टांवर विजय, एवढा अर्थ मुलांना सांगून आम्ही मोकळे होतो. जुन्या मूर्ती क्रमाने पाहिल्या तर मात्र हा अर्थ अपुरा वाटू लागतो.

विदिशेजवळच्या उदयगिरीच्या सहाव्या लेण्यात गुप्त संवत् ८२ चा, म्हणजे इ. स. ४०१-०२ चा लेख आहे. तेथेच दर्शनी भिंतीवर बारा हातांची देवी कोरली आहे. तिच्या पायाखाली असुर नाही, निखळ रेडा आहे. त्याच्या मस्तकावर पाय रोवून ती त्रिशूळ खुपसते. हे युद्ध नव्हे. आम्हांस तर तो बळीचाच विधी वाटतो.

मामल्लपुरमच्या सातव्या शतकातील पल्लव मंडपात रेड्याचा पुरुष झाला आहे. मस्तक तेवढे रेड्याचे, हाती गदा. सिंहारूढ अष्टभुजा धनुष्य ओढते आहे. तो मागे झुकला आहे, पण पडलेला नाही. समोरच्या भिंतीवर शेषशायी विष्णू निद्रिस्त आहे. देवीमाहात्म्य ज्यांनी वाचले आहे त्यांना या दोन भिंतींचे नाते सांगावयास नको: विष्णूला झोपविणारी योगनिद्रा आणि रणात उतरलेली चंडिका एकच. शिल्पकाराची ही योजना कोणत्याही भाष्याहून बोलकी आहे.

त्याच ग्रंथात महिष रेडा, सिंह, पुरुष, हत्ती अशी रूपे पालटतो व रेड्याच्या मुखातून अर्धा बाहेर आला असता मारला जातो. बंगालच्या मृण्मयी मूर्तीत हेच दिसते: पशू खाली निपचित, झुंजतो तो माणूस.

आमची तुळजापूरची भवानीही महिषमर्दिनीच. पण त्याच मुलखात बांधाबांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा आहे, आणि त्याच्या नावात महिष दडलेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की काही गावी हाच म्हसोबा देवीचा पती मानला जातो. दोन समाजांचे आधी वैर, मग सोयरीक, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. तो आम्हांस पटतो. बांधावरच्या शेतकऱ्याला त्याची गरज पडत नाही. भवानीची यात्रा करून आल्यावर तो म्हसोबापुढेही नारळ फोडतो.