एका पिनेची गोष्ट

गेल्या शनिवारी मामांच्या गावी गेलो होतो. काटोलकडे, नागपूरहून तास-सव्वा तास. संत्री कळमन्याला पाठवायची होती, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची होती आणि नेमका त्यांचा गडी आला नव्हता. मामा म्हणाले, "ये बे इंजिनियर, पिन टाक."

काम दिसायला सोपं. मामा ट्रॅक्टर हळूहळू मागे घेणार, मी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उभा. ट्रॉलीच्या दांडीचं कडं ट्रॅक्टरच्या ड्रॉबारपाशी आलं, भोकं एकावर एक जुळली की वरून पिन सोडायची. पाचव्या प्रयत्नात जमलं. मी हात झटकत बाहेर आलो, तर मामा उतरून वाकून बघतायत. "पिन तं टाकली, पन क्लिप कोन टाकन बे?" म्हणत त्यांनी पिनेच्या खालच्या भोकात क्लिप अडकवली. तेव्हा त्यांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. तर्जनीचं एक पेर नाहीये. लहानपणापासून बघतोय, पण विचारलं कधीच नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"असंच. पिन टाकताना."

बस, एवढंच. रविवार मग सगळा या पिनेच्या मागे गेला. तर मंडळी, जे सापडलं ते इथे मांडतोय.

ही पिन आजची नव्हे. चाक आखावरून निसटू नये म्हणून टोकाला घालतात त्या खिळीला संस्कृतमध्ये 'आणि' म्हणतात, आणि हा शब्द थेट ऋग्वेदात आहे. (आपल्या मराठी 'आणि'चा उगम वेगळा, पण दोघांचं काम जोडून ठेवायचंच. योगायोग भारी आहे!) गंमत बघा, आपण 'कामाला खीळ बसली' म्हणजे काम थांबलं असं म्हणतो. गाडीत मात्र खीळ आहे म्हणूनच प्रवास चालू राहतो.

आता नागपूर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरपर्यंत जायचा. मग १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. बैलाच्या पाठीवरच्या ओझ्याला जोड लागत नाही. डब्यांना लागते. आणि जिथे जोड आली, तिथे जोडणारा माणूस आला.

त्याच काळात अमेरिकेत डबे जोडायला चक्क आपल्या ट्रॉलीसारखीच पद्धत होती: एक कडी, एक पिन, आणि दोन डब्यांच्या मधे उभा असलेला कामगार. तिथे बोटं गमावणं इतकं नेहमीचं होतं की तुटकी बोटं ही ब्रेकमनच्या अनुभवाची खूण मानली जायची. १८७३ मध्ये इलाय जॅनी या गृहस्थाने पेटंट घेतलं. दोन हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत अडकवावीत तसे दोन कपलर धडकले की आपोआप अडकतात. माणसाने मधे जायचं कामच नाही. हे जॅनी काही रेल्वे इंजिनियर नव्हते, कापडचोपड विकणाऱ्या दुकानात कारकून होते!

पण युक्ती सापडली म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं. कंपन्यांना खर्च नको होता. सक्तीचा कायदा यायला १८९३ उजाडलं. तब्बल वीस वर्षं. म्हणजे बग माहीत, फिक्स तयार, आणि रिलीज वीस वर्षांनी. आपल्या एलएचबी डब्यांना आज जो कपलर दिसतो तो याच घराण्यातला. जुन्या पद्धतीच्या स्क्रू कपलिंगला मात्र अजूनही माणूस दोन डब्यांमधे उतरतो.

ट्रॅक्टरची कथा आणखी वेगळी. सुरुवातीच्या ट्रॅक्टरमागे नांगर नुसता साखळीने ओढत. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून ड्रायव्हरवरच उलटायचा. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने त्यावर तीन ठिकाणी धरणारी जोडणी काढली, पेटंट १९२६ चं. आज आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरला तीच असते. पुढे त्यांच्याच ट्रॅक्टरला असा हायड्रॉलिक हूक आला की ड्रायव्हर सीटवर बसूनच ट्रेलर उचलून अडकवेल. म्हणजे मधे उभं राहायची गरज तिथेही कधीच संपली होती. आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली. आपल्या हिंगण्यातही ट्रॅक्टर बनतात. ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या गावच्या वेल्डरने बनवल्या, आणि जोडणी राहिली तीच: कडी, पिन, माणूस.

आता थोडं कामाचं. पिन वजनाने बसते, पण खड्ड्यांत उडते. म्हणून क्लिप हवीच, तिच्या जागी वाकवलेला खिळा किंवा तार नको. दुसरं, ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडायची. आखाच्या वर कुठे अडकवली तर फर्ग्युसनच्या आधीचा तोच धोका परत. तिसरं, सेफ्टी चेन. पिन हा आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. चेन दांडीखालून फुलीसारखी न्यायची, म्हणजे पिन गेली तरी दांडी चेनच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. चेन पिनेलाच अडकवली तर उपयोग शून्य, तिचा हूक वेगळा हवा. आणि वळणापुरता ढील ठेवायचा.

सोमवारी ऑफिसनंतर इतवारीत लोहाओळीत जाऊन चेन आणि चार क्लिपा घेतल्या. मामांना फोन केला. म्हटलं, "मामा, यापुढे माणूस मधे असताना ट्रॅक्टर हलवायचा नाही. तुम्ही जागेवर आणून थांबवा, न्यूट्रल करा, ब्रेक लावा, मगच त्याने आत जायचं. थोडं चुकलं तर त्याने बाहेर यायचं, मग परत ट्रॅक्टर हलवा."

"लय टाइम जाते त्याच्यात."

"पाच मिनिटं जातील, मामा."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच मिनटं तं आहेत बे. ये शनिवारी चेन घेऊन."

असो. शनिवारी जातोय.