नकाशाच्या पाठीवरचा देश

टपालाचे तिकीट उलटे करून पाहण्याची सवय संग्राहकाला लागतेच. डिंक शाबूत आहे ना, कागद कुठे विरला नाही ना, एवढेच बहुधा पाहायचे असते. लॅटव्हियाचे पहिले तिकीट मात्र मी उलटे केले आणि पुढची बाजू विसरूनच गेलो. मागे नकाशा होता. रस्त्याची एक रेघ आणि कुठल्याशा गावाचे अर्धे नाव.

बाल्टिक समुद्राकाठच्या या चिमुकल्या देशाने 18 नोव्हेंबर 1918 रोजी रीगा शहरातील एका नाट्यगृहात स्वातंत्र्य जाहीर केले. महिन्याभरात तिकीट हवे होते आणि कागद मिळेना. हाती होते ते जर्मन सैन्याचे नकाशे, एका बाजूने कोरे. त्या कोऱ्या बाजूवर आन्सिस त्सीरुलिस या चित्रकाराचे उगवता सूर्य, धान्याची कणसे आणि तीन तारे असे चित्र छापले गेले. एका नकाशावर 228 तिकिटे बसली. ज्या नकाशांवर परक्या फौजा चालल्या, त्यांच्याच पाठीवर नवा देश उभा राहिला.

दहा वर्षांनी, 1928 मध्ये, याच देशाने सहा तिकिटे काढली. पाचांवर आपली शहरे आणि सहाव्यावर ते नाट्यगृह. त्यांतले येल्गावा हे शहर 1944 च्या लढाईत बेचिराख झाले. शहर गेले, तिकिटावरचे चित्र राहिले.

मधल्या काळात तिकिटेही गेली होती. 1940 मध्ये सोव्हिएत सैन्य आले. पाठोपाठ 1941 मध्ये जर्मन आले आणि त्यांनी सोव्हिएत तिकिटांवरच ‘लॅटव्हिया’ हे नाव छापून वापरायला दिले. असा शिक्का आम्हा ग्वाल्हेरकरांना नवा नाही. 1885 पासून आमच्या संस्थानाची तिकिटे म्हणजे इंग्रजांची तिकिटे, वर देवनागरीत ‘ग्वालियर’. नाव आपले, चेहरा राणीचा. 1991 मध्ये लॅटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा त्यानेही सोव्हिएत तिकिटांवर स्वतःचे नाव छापून काही काळ भागवले. नाव तेच, युक्ती तीच. पण या वेळी शिक्का मारणारा हात घरचा होता.

स्वतःची तिकिटेही आली आणि त्यांवर घरे-इमारती येत राहिल्या. अलीकडे जुने जलकुंभही आले. आधी मला याचे हसू आले होते. तिकिटावर राजवाडा शोभतो, पाण्याची टाकी कशाला? मग रीगाचा इतिहास वाचला. शहर वाढले तसे नदीचे पाणी पुरेना आणि शुद्धही मिळेना. 1904 पासून बाल्टेझेर्स तळ्याकाठचे भूजल शहरात आणले गेले. ते पंपाने उंचावर चढवायचे आणि तेथून आपल्या भाराने घरोघर उतरवायचे, हे काम जलकुंभांचे. आगेन्सकाल्न्स भागातला 1910 चा जलकुंभ विल्हेल्म बोकस्लाफ या वास्तुविशारदाने बांधला. नुसती टाकी न ठेवता त्याला किल्ल्याच्या बुरुजाचा डौल दिला. बोकस्लाफ जर्मनभाषक होता. राज्य रशियाच्या झारचे आणि पाणी पिणारे लॅटव्हियन, रशियन, जर्मन, ज्यू असे सगळेच. त्यानंतर झेंडे किती बदलले, पण जो आला त्याला पाणी लागलेच, आणि म्हणून कुणालाच जलकुंभ परका म्हणता आला नाही.

राजवाडा राज्यकर्त्याची आठवण ठेवतो, जलकुंभ गावाची. आपली माणसे कशावर जगली हे जगाला सांगायचे, तर टाकीचे चित्र काही वाईट नाही.

ते 1918 चे तिकीट मी वहीत उलटेच लावले आहे. सूर्य आणि तारे आत दडले आहेत, वर आहे ते गावाचे अर्धे नाव. उरलेले अर्धे शेजारच्या तिकिटाच्या पाठीवर असणार. ते कुणाच्या वहीत आहे कोण जाणे.